प्रतिसाद: सारा बुल यांचा फक्त पैसा नव्हता

कुणीतरी म्हटलंय की विवेकानंदांभोवतीच्या श्रीमंत अमेरिकन बायका म्हणजे रिकामा वेळ आणि भरलेलं पाकीट. काहींच्या बाबतीत असेलही. पण सारा बुल या चौकटीत बसत नाहीत.

नॉर्वेचे प्रसिद्ध व्हायोलिनवादक ओले बुल यांची ही विधवा. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधलं त्यांचं घर म्हणजे विद्वानांचा अड्डाच. विवेकानंद त्यांना 'धीरामाता' म्हणत. १८९८ मध्ये त्या भारतात आल्या, कोलकात्याजवळच्या बेलूर मठाच्या (रामकृष्ण मठ-मिशनचं मुख्य केंद्र) उभारणीला त्यांनी पैसे दिले. रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवींचा आज घरोघरी पुजला जाणारा फोटो त्यांच्याच आग्रहामुळे त्याच वर्षी काढला गेला. (सोवळ्यातल्या, पदराआड राहणाऱ्या बाईंना कॅमेऱ्यासमोर बसवणं, तेही तेव्हा!)

मला जास्त भावते ती जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट. बोस पेटंट घ्यायला तयार नव्हते. सारा बुल यांनी पाठपुरावा केला म्हणून १९०४ मध्ये त्यांच्या शोधाला अमेरिकन पेटंट मिळालं. निव्वळ भाबडी भक्त एवढं व्यवहारी डोकं चालवेल का?

दुसरी बाजूही आहे. १९११ मध्ये त्या गेल्यावर मुलगी ओलिया मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात गेली. आईच्या मनावर हिंदू लोकांचा अनुचित प्रभाव होता, असा तिचा दावा. वर्तमानपत्रांनी मजा घेतली आणि शेवटी बाजी मुलीकडेच गेली. मला त्या मुलीबद्दलही वाईट वाटतं.