किंग ऑफ फायटर्स २००२ अनलिमिटेड मॅच: पीएस-फोरवर घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. दोन महिन्यांपूर्वी जुना पीएस-फोर (प्लेस्टेशन ४) घेतला. त्यावर मला एकच खेळ हवाय, किंग ऑफ फायटर्स २००२, तिघातिघांच्या तुकड्यांचा मारामारीचा खेळ. स्टोअरवर शोधलं तर पुढे 'अनलिमिटेड मॅच' लावलेला एक दिसतो आणि 'एसीए निओ जिओ' नावाखाली दुसरा. कुठला घ्यायचा आणि मुळात घ्यावा का, हे ठरत नाहीये.

कशासाठी हवाय ते सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. २००३-०४ साली मी आणि माझा दादा मिरजकर तिकटीजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हा खेळायचो. एक रुपयाला एक कॉइन. तिथल्या मशीनच्या डाव्या स्टिकचा गोळा कधीच गेला होता, नुसती सळी उरली होती आणि काकांनी तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला होता. उन्हाळ्यात घामानं तो फिरायचा, म्हणून दादा खिशात खडूचा तुकडा ठेवायचा. पैलवान माती लावतात तसा बोटांना खडू चोळायचा आणि मगच कॉइन टाकायचा. तो कायम इओरी, किम आणि गोळेवाला चँग घ्यायचा. मी के प्राइम, काठीवाला बिली आणि तिसरा दर वेळी वेगळा. शाळेची ती दोन वर्षं मला याच मशीनवरून आठवतात.

दादा आता पुण्यात आहे, अकरा वर्षं झाली. फोन रोज होतो, पण आईची औषधं, घरपट्टी आणि गावाकडचं शेत एवढ्यावर बोलणं संपतं. पुतण्यासाठी त्यांनी पीएस-फाइव्ह घेतलाय. आठवड्यातून तासभर जरी आम्ही दोघं खेळलो तरी मला पुष्कळ आहे.

भीती अशी की गेल्या महिन्यात एका दुसऱ्या जुन्या खेळाचा पोर्ट, म्हणजे नव्या यंत्रावर आणलेली आवृत्ती, घेतला (नाव घेत नाही) आणि पैसे वाया गेले. बटण दाबल्यावर पंच उशिरा यायचा, ऑनलाइन तर हातच बांधल्यासारखे. म्हणून या वेळी आधी विचारतोय. माझे प्रश्न:

हा पार्लरमधलाच खेळ आहे का? आमच्या मशीनवर पॉवरची पट्टी कायम भरलेली असायची, इओरीचा मोठा सुपर (पॉवर खर्चून मारायचा खास डाव) एकापाठोपाठ एक मारता यायचा. सुरुवातीच्या पाटीवर 'मॅजिक प्लस' असं लिहिलेलं लख्ख आठवतंय.

कोल्हापूर-पुणे ऑनलाइन खेळताना लॅग येईल का?

आणि पॅडवर माझा अंगठा चालत नाही. शेडमध्ये मी पत्र्याच्या पेटीत स्टिक आणि बटणं बसवून घेतलीत, आत बटणांचे इशारे यंत्राला पोहोचवणारा तो स्वस्तातला 'झीरो डिले' बोर्ड आहे. चालेल का?

---

निपाणीकर:

आधी दोन आवृत्त्यांचा गोंधळ मिटवू. 'एसीए निओ जिओ' म्हणजे एसएनके कंपनीच्या निओ जिओ या पार्लरच्या यंत्रावरचा २००२ सालचा मूळ खेळ जसाच्या तसा, हॅमस्टर कंपनीनं आणलेला. त्यात समोरासमोर ऑनलाइन खेळता येत नाही, फक्त गुणांची यादी ऑनलाइन असते. एका सोफ्यावर बसून दोघं खेळा, बस्स. दादा पुण्यात असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

अनलिमिटेड मॅच हा २००९ मध्ये एसएनकेनंच नव्यानं बांधलेला २००२. खेळाडू ६६. इग्निझ, क्रिझालिड, झीरो असे आधीच्या भागांतले बॉस परत आले, डाव तपासून समतोल बराच सुधारला, संगीत नवं. के ९९९९ मात्र यात नाही, त्याच्या जागी नेमलेस आहे. पीएस-फोरवर हा २०२१ मध्ये आला तो रोलबॅक नेटकोडसकट, म्हणजे ऑनलाइन लॅग झाकणाऱ्या पद्धतीसकट. तुमच्या कामाची खरी गोष्ट हीच आहे.

तुमचे सहाही खेळाडू यात आहेत की नाही ते पाहायचं तर इओरी, किम, चँग, के प्राइम, बिली नक्की आहेत. तिसरा कोण ते तुम्हीच सांगा.

---

बिंदू चौक:

भावा, तुझी पोस्ट वाचून अंगावर काटा आला. मीही त्याच भागातल्या पार्लरात वाढलोय. पण एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर तू पैसे घालून दुखावशील.

'मॅजिक प्लस' हा एसएनकेचा खेळच नव्हे. ती बदललेली चोरटी प्रत. मूळ एसएनके २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. २००१ आणि २००२ हे दोन भाग कोरियाच्या इओलिथ कंपनीच्या साथीनं निघाले, आणि त्याच सुमारास २००२ च्या बदललेल्या चिपा बाजारात आल्या. खऱ्या २००२ मध्ये पॉवर कुणी फुकट देत नाही. डाव टाकून, मार लावून एकेक पट्टी जमवायची आणि मग ती सुपरला घालवायची की मॅक्सला (थोडा वेळ जास्त ताकद मिळते तो मोड), हे ठरवायचं. अर्धा खेळ या ठरवण्यातच आहे.

म्हणजे तुमच्या दोघांच्या आठवणीतला खेळ अधिकृतपणे कुठेच विकत मिळत नाही. अनलिमिटेड मॅच घेतलास तर इओरी तोच दिसेल, आवाजही ओळखीचा वाटेल, पण पहिल्या मिनिटात तू सुपर मारायला जाशील आणि काहीच होणार नाही. हे मनाशी धरूनच घे.

आणि तरी मी म्हणतो घे. चोरट्या प्रतीत दोघंही लांबून सुपर फेकत बसायचे. खऱ्या खेळात खडाखडी आहे. दोन पैलवान मैदानात एकमेकांच्या हाताला हात लावून अंदाज घेतात ना, तसं इथं अर्ध्या उडीनं, एखाद्या हलक्या किकेनं समोरच्याचा श्वास बघायचा. हात लागला की डाव. कोल्हापूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

---

धागाकर्ता:

मनापासून आभार. मॅजिक प्लसचं वाचून रात्री बराच वेळ झोप आली नाही, खरं सांगतो. वीस वर्षं ज्याला 'केओएफ' (किंग ऑफ फायटर्स) म्हणत आलो तो खेळ कुणाच्या तरी गोदामात बदललेला होता, हे पचायला जड गेलं. दादाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे तू मला खऱ्या खेळात कधी हरवलंच नाहीस." हे त्यानं इतक्या गंभीरपणे म्हटलं की मला आता हा खेळ घ्यायचाच आहे. फक्त कुठे घ्यायचा आणि चालेल का, तेवढं सांगा.

---

सिंहगड रोड:

ऑनलाइनचं मी सांगतो, मी केओएफ नेमानं खेळतो.

खेळ सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. जुन्या पद्धतीच्या नेटकोडमध्ये समोरच्याचं बटण पोहोचेपर्यंत तुमचंही बटण रोखून धरलं जातं. गेल्या महिन्यात तुमचे हात बांधल्यासारखे झाले ते बहुतेक त्यामुळेच. रोलबॅक थांबत नाही. समोरच्यानं आधीचंच बटण धरून ठेवलंय असं मानून खेळ पुढे जातो आणि खरं बटण वेगळं निघालं तर तेवढे फ्रेम मागे जाऊन दुरुस्त करतो. कोल्हापूर-पुण्याएवढ्या अंतरात ही दुरुस्ती डोळ्यांना क्वचित जाणवते. अट एकच, दोन्ही घरी राउटरपासून केबल ओढा. वाय-फायवर वेग कितीही चांगला दिसला तरी तो मधेच उचक्या देतो, आणि उचकीवर रोलबॅककडेही औषध नाही.

खर्चाचा हिशोब नीट करा. ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसचं सभासदत्व लागतं आणि ते दोन्ही घरी लागणार. पुतण्या ऑनलाइन खेळत असेल तर पुण्यात असेलच, तुमच्याकडे नवं घ्यावं लागेल. वर्षभराचं सभासदत्व या खेळापेक्षा महाग पडतं. म्हणून 'पोर्ट घ्यावा का' या प्रश्नात खेळाची किंमत धरूच नका, सभासदत्वाची धरा. दर शनिवारी खेळणार असाल तर वसूल. दिवाळीला एकदा आणि गणपतीला एकदा खेळणार असाल तर नको.

अजून एक. प्लेस्टेशन स्टोअरवर खेळ डाउनलोड सुरू केला की एरवी पैसे परत मिळत नाहीत. स्टीम या पीसीच्या खेळांच्या दुकानात मात्र घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर मिळतात. शेडमध्ये लॅपटॉप असेलच. हा जुना खेळ आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. आधी तिथं घेऊन दादासोबत एका जागी बसून खेळून बघा. आवडला तर ठरवा. स्टीमवर ऑनलाइनला वेगळं सभासदत्वही लागत नाही, पण मग दादाकडेही पीसी हवा. दोघांनीही प्लेस्टेशनवर किंवा दोघांनीही पीसीवर घ्यायचा हे लक्षात ठेवा.

---

निपाणीकर:

टीव्हीचंही बघा. तुमच्या त्या फसलेल्या पोर्टमध्ये अर्धा दोष टीव्हीचा असू शकतो. मेनूत 'गेम मोड' असतो, तो लावा. तो नसेल लावलेला तर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि पंच उशिरा दिसतो. पार्लरच्या जुन्या डब्याला हा रोग नव्हता.

---

हुपरी रोड:

स्टिकबद्दल. झीरो डिले बोर्ड लॅपटॉपवर लगेच चालेल. पीएस-फोरवर नाही. बरेचसे असे बोर्ड तो ओळखतच नाही, आणि जे ओळखतो तेही आठ मिनिटांनी तुटतात, कारण सोनीची ओळखखूण त्यांच्यात नसते. ऐन तिसऱ्या खेळाडूवर सामना आला आणि स्टिक मेली, असं व्हायचं. पेटी आणि बटणं तशीच ठेवा, फक्त आतला बोर्ड बदला. ब्रूक कंपनीचे पीएस-फोरला चालणारे बोर्ड मिळतात. बटणं ३० मिलिमीटरची बसवली असतील तर पुढेमागे सान्वा कंपनीचीही त्याच भोकांत बसतील. पेटीचा फोटो टाका की.

---

धागाकर्ता:

उशिरा लिहितोय, माफ करा. दादा दसऱ्याला घरी आला होता, म्हणून थांबलो होतो.

दसरा चौकातून येऊन सोनं वाटून झालं, जेवणं झाली आणि आम्ही माजघरात लॅपटॉप टीव्हीला जोडला. स्टीमवर घेतला होता, वर सांगितल्याप्रमाणे. गेम मोड लावला आणि फरक खरंच कळला. एकाला माझी पेटी, दुसऱ्याला पॅड, आणि हरला की बदलायचं.

पहिला राउंड बिंदू चौक म्हणाले तसाच झाला. दादानं इओरी घेतला, खाली-पुढे, मग अर्धा गोल मागे आणि पंच. हात अजून तसाच फिरतो, एका झटक्यात. पण पट्टी रिकामी होती. इओरीचा सुपर निघालाच नाही आणि माझ्या बिलीची काठी त्याच्या तोंडावर बसली. दादा काही बोलला नाही. पुढचे दोन राउंड तो नुसता मागे सरकून खालची पट्टी भरताना बघत राहिला. चौथ्या राउंडला पहिली पट्टी भरली तेव्हा त्यानं ती लगेच वापरली नाही, मला उडी मारू दिली, मी खाली येता येता गाठला आणि मग सुपर टाकला. त्या एका सुपरला आम्ही दोघं ज्या पद्धतीनं ओरडलो तसे पार्लरमध्ये दहा सुपरलाही ओरडलो नव्हतो. आई बघायला आली.

पूर्ण खेळ होता तसा वाटला का, तर नाही. संगीत अनोळखी आहे, मागचे देखावे वेगळे आहेत, आणि ६६ जणांत माझा हात अजून ओळखीचे चेहरेच शोधतो. पण चँगचा गोळा ज्या आवाजानं जमिनीवर आपटतो, तिथं दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं.

एक तास चाळीस मिनिटांवर थांबलो आणि स्टीमचे पैसे परत मागितले. ते आले. रात्री उठून दादा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तेव्हा मला म्हणाला, "पुण्यात पोराच्या खोलीतून केबल ओढायला किती मीटर लागेल रे?" सभासदत्वाचा हिशोब माझ्यासाठी तिथंच सुटला.

पीएस-फोरवर काल घेतला. पुतण्याचं सभासदत्व आहेच, माझं वर्षाचं घेतलं. शनिवारी रात्री पॅडवरच सहा सामने झाले, दोन्हीकडे केबल. एकदाच, दादाकडे कुणीतरी मोठं काहीतरी डाउनलोड करत होतं तेव्हा, इओरी दोन पावलं उडाल्यासारखा दिसला. एरवी माजघरात खेळलो होतो तसंच.

आता एवढंच सांगा. पेटीचा फोटो खाली टाकलाय. बोर्ड बदलायचा आहे आणि स्टिकच्या दांड्यावर मी मुद्दाम गोळा बसवलेला नाही, ट्यूबच चढवलीय. हुपरी रोड, त्या बोर्डाला पाच पिनांची स्टिकची वायर थेट बसते की मला सोल्डर करून द्यावी लागेल? पुढच्या शनिवारच्या आत बसवायचं आहे, दादा पॅडवर मला तीन-शून्य नं घेतोय.