मैदानात प्रेक्षकाच्या कॅमेऱ्याला बंदी का?

रिकामी_फ्रेम: गेल्या महिन्यात एका ॲथलेटिक्स स्पर्धेला गेलो होतो. गेटवर बॅग उघडायला लावली आणि सांगितलं, एवढी मोठी लेन्स आत नेता येणार नाही. सामान ठेवायची सोय नव्हती. कॅमेरा गाडीत ठेवून परत येईपर्यंत दोन शर्यती होऊन गेल्या. आत बसलो तर शेजारचा गृहस्थ फोनवर अख्खी शर्यत चित्रित करत होता आणि त्याला कोणी हटकत नव्हतं.

विम्बल्डनला ३०० मिमीपेक्षा लांब लेन्स चालत नाही. ऑगस्टाच्या मास्टर्स गोल्फमध्ये सरावाच्या दिवशी कॅमेरा नेता येतो, मुख्य स्पर्धेच्या चार दिवसांत नाही. माझा नियमांना विरोध नाही. पण नियम कशासाठी आहे ते गेटवरच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. मला कुणीच सांगितलं नाही. लेन्सची लांबी मोजून नेमकं काय थांबतं?

कागदपत्र: असहमत. स्पर्धा चालते प्रक्षेपणाच्या आणि छायाचित्रांच्या हक्कांवर. ज्याने ते हक्क पैसे मोजून घेतले, त्याचा माल कोणीही फुकटात नेऊ लागला तर पुढच्या वर्षी तो पैसे का देईल? यावर इंग्लंडमध्ये १९१६ साली एक खटला झाला होता. श्वानप्रदर्शनाच्या फोटोंचे हक्क एका संस्थेला विकलेले, तरी दुसऱ्याच नियतकालिकाने तिथले फोटो छापले. न्यायालय म्हणालं, फोटो काढण्याच्या हक्कावर अशी वेगळी मालकी नसते. आयोजकांना प्रवेश देतानाच अट घालता आली असती, ती त्यांनी घातली नव्हती. म्हणजे आयोजकाच्या हातात तिकिटावरची अट हे एकच हत्यार आहे. तेही काढून घ्यायचं म्हणता?

रिकामी_फ्रेम: काढून घ्या म्हणत नाही. १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियातही असाच निकाल लागला. रेसकोर्सशेजारच्या जागेत मचाण उभारून रेडिओवर घोड्यांच्या शर्यतींचं वर्णन चालायचं. उच्च न्यायालयाने बहुमताने ते थांबवायला नकार दिला. डोळ्यांना दिसणाऱ्या खेळावर मालकी सांगता येत नाही. आता अट घालायचीच, तर फोटो विकू नका अशी घाला. मी घरी अल्बममध्ये लावलेल्या फोटोने कोणाचा धंदा बुडतो?

उंच_पायरी: मागे बसलेल्यांचाही विचार करा. पुढच्या माणसाने हातभर लेन्स वर धरली की आम्हाला उडी दिसत नाही.

घाटरस्ता: सायकलिंगमध्ये प्रश्न थेट जिवाशी येतो. १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये आल्प द्युएझच्या चढावर एक प्रेक्षक फोटोसाठी रस्त्यात आला आणि आघाडीवरचा ज्युसेप्पे गुएरिनी त्याच्यावर आदळून पडला. उठून टप्पा जिंकला, हे त्याचं नशीब आणि जिगर. २०१८ मध्ये त्याच चढावर विन्चेन्झो निबाली पडला. प्रेक्षकाच्या कॅमेऱ्याचा पट्टा हँडलमध्ये अडकल्याचं सांगितलं गेलं. मणक्याला फ्रॅक्चर, स्पर्धा संपली. लांब लेन्सवाला निदान लांब उभा राहतो. धोका आहे तो फोन घेऊन पुढे घुसणाऱ्याचा.

रिकामी_फ्रेम: अगदी हेच. फ्लॅशचंही तसंच. जिम्नॅस्ट बारवर असताना फ्लॅश मारणाऱ्याला बाहेर काढा, मी टाळ्या वाजवीन. लेन्सच्या लांबीचा त्याच्याशी संबंध नाही.

चुन्याची_रेघ: मी बरीच वर्षं धावले, आता मुलींना शिकवते. इथे हक्क, धंदा, अपघात सगळं आलं, पण जिचा फोटो निघतो तिच्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. लांब लेन्सने मुलींच्या शरीराचे ठरावीक भाग टिपणारे लोक स्टँडमध्ये असतात. आम्हाला ते स्टार्टिंग ब्लॉकवर वाकताना जाणवतं. जपानमध्ये हा त्रास इतका वाढला की नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या ऑलिंपिक समितीने इतर क्रीडासंस्थांसोबत त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने कपड्यांच्या आरपार फोटो काढण्याचे प्रकार झाले, म्हणून मिझुनो कंपनीने पॅरिस ऑलिंपिकसाठी ते किरण अडवणारं कापड तयार केलं. २०२३ मध्ये तिथे चोरून केलेल्या चित्रणाविरुद्ध कायदा आला, पण गणवेशातल्या खेळाडूंचे असे फोटो त्याच्या बाहेरच राहिले. म्हणजे खेळाडूने कपडा बदलायचा आणि प्रेक्षकाने मोकळं राहायचं. तुमचा एक छंद बुडाला याचं वाईट वाटतं. पण माझ्या पंधरा वर्षांच्या मुली ट्रॅकवर निर्धास्त असाव्यात, हे मला त्याहून महत्त्वाचं आहे.

रिकामी_फ्रेम: हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लेन्सच्या नियमामागे हे कारण आहे असं गेटवर सांगितलं असतं, तर मी वाद घातला नसता. तरी विचारतो, आता फोनचा झूमही लांब पोचतो. लेन्स अडवून तो माणूस थांबेल?

चुन्याची_रेघ: नुसती लेन्स अडवून नाही थांबणार. कॅमेरेवाल्यांची नाव-पत्त्यासह नोंद, गळ्यात दिसेल असा बिल्ला आणि स्टँडमध्ये फिरून लक्ष ठेवणारी माणसं, हे सगळं लागेल. संशय आला तर फोटो दाखवायची अट तिकिटावरच छापावी.

कागदपत्र: ही अट कायद्यातही टिकायला हरकत नाही. प्रवेशाच्या वेळी मान्य केलेली असते.

रिकामी_फ्रेम: मी नोंद करीन, बिल्ला घालीन, कार्डावरचे सगळे फोटो दाखवीन.

चुन्याची_रेघ: मग एवढं आणखी करा. शर्यतीआधी मुली मैदानात पडून स्ट्रेचिंग करतात, तेव्हा कॅमेरा खाली ठेवा. बंदूक वाजली की उचला.