हापूसच्या बागेतील सापळे नरांनी भरतात, फळे तरीही किडतात: मादी फळमाशीसाठी कोणता वास वापरावा?

नमस्कार. रत्नागिरी तालुक्यात आमची दीड एकराची हापूसची बाग असून गेली तीन वर्षे एकच प्रश्न सुटत नसल्यामुळे जाणकारांची मदत मागत आहे. मिथिल युजेनॉल या आमिष-द्रव्याचे सहा सापळे आम्ही मार्चपासून टांगतो, ठोकळे वेळच्या वेळी बदलतो आणि सापळे भरतातही. परंतु मेच्या मध्यानंतर उतरवलेला आंबा आढीत घातला की काही फळांच्या सालीवर मऊ डाग पडतो, दाबल्यास पाणी सुटते आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या दिसतात. यंदा एका नेहमीच्या ग्राहकाने अशाच कापलेल्या फळाचा फोटो पाठवला, तेव्हा आईने त्यांच्या तिन्ही पेट्यांचे पैसे परत करायला लावले.

त्याच आठवड्यात मी एका सापळ्यातील माशा पांढऱ्या कागदावर ओतून भिंगाखाली एकेक करून पाहिल्या. मादीचे पोट मागे निमुळते होत जाऊन अंडी घालण्याच्या सुईसारख्या अवयवाशी संपते, तर नराचे पोट गोलसर व बोथट असते. तासभर बसूनही मला त्या ढिगात टोकदार पोटाची एकही माशी सापडली नाही.

वाचल्यावर कारण कळले. बिहारमधील पुसा येथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नरच ओढले जातात असे नोंदवले, आणि १९१५ मध्ये त्यामागील द्रव्य मिथिल युजेनॉल असल्याचे दाखवून दिले. आपण सरसकट ‘कामगंध सापळा’ म्हणतो, पण हा मादीचा गंध नव्हेच. हे वनस्पतींमध्ये, आपल्या तुळशीतसुद्धा, आढळणारे द्रव्य आहे. नर ते चाटतो, त्याच्या शरीरात त्याचे रूपांतर होते आणि संध्याकाळी मीलनाच्या वेळी त्यातून बनलेला गंध सोडून तो मादीला बोलावतो. म्हणजे नराला हा वास दुरून खेचून आणतो आणि त्याच बागेतील मादी त्या सापळ्याकडे जवळजवळ फिरकतही नाही.

नर संपले तर मादीची अंडी फळणार नाहीत, हा या पद्धतीमागचा हिशोब चुकीचा नाही. प्रशांत महासागरातील रोटा बेटावरून ही माशी १९६३ मध्ये याच मार्गाने नाहीशी करण्यात आली. परंतु ते चहूबाजूंनी समुद्र असलेले बेट होते. माझ्या बागेच्या तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या बागा आहेत, त्यांपैकी एक कित्येक वर्षे राखलेली नाही, आणि एकच नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो. शिवाय मीलन झालेली मादी गडग्यावरून इकडे आली, तर माझ्या सापळ्यांचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही.

मादीला कोणते वास खेचतात, हेही वाचले आहे. कोशातून बाहेर आल्यावर अंडी पक्व होण्यासाठी तिला प्रथिने लागतात, म्हणून त्या काळात ती यीस्ट, पक्ष्यांची विष्ठा, माव्याचा चिकटा अशा ठिकाणी जाते. अंडी तयार झाल्यावर मात्र तिला पिकू लागलेल्या फळाचा वास अधिक ओढतो. त्यामुळे प्रथिनांचे आमिष तिला अंडी घालण्यापूर्वीच मिळाले पाहिजे, असे मला वाटते.

येथेच माझी अडचण आहे. ज्यांनी आंब्यात प्रथिनयुक्त आमिष प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी पहिला हप्ता फळ किती वाढलेले असताना दिला? ते खोडावर व खालच्या पानांवर ठिपक्यांनी मारले, की सापळ्यात ठेवले? वळवाचा पाऊस पडून गेल्यावर पुन्हा मारावे लागते काय, आणि मधमाश्यांना त्याचा त्रास होऊ नये म्हणून काय काळजी घेतली? बरेच जण गूळ आंबवून वापरतात असे ऐकतो. त्यात खरोखर माद्या येतात का, हे कोणी माश्यांची पोटे तपासून पाहिले असल्यास अवश्य लिहावे, कारण नुसता भरलेला सापळा पाहून माझी तीन वर्षे फसगत झाली आहे.

यंदाची शेवटची फळे उतरून झाली आहेत. पडलेला आंबा रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरतो आहोत, त्यामुळे पुढच्या मार्चपूर्वी कधीही उत्तर मिळाले तरी उपयोगी पडेल.