मदत हवी आहे: डेटा विकणारे आणि डेटा खुला करा म्हणणारे एकत्र कसे येतील?

आमची छोटी कंपनी एका सरकारी खात्याचा डेटा साफसूफ करून विकते. खुल्या डेटासाठी (म्हणजे कुणीही, कशासाठीही वापरू शकेल अशा डेटासाठी) झटणारा एक स्वयंसेवी गटही त्याच खात्याच्या फाइली उतरवून घेतो. गेल्या महिन्यात तारखेच्या रकान्यात दिवस आणि महिन्याची अदलाबदल झाली. ०३/०४ म्हणजे नक्की काय, हे आम्ही तीन रात्री बसून निस्तरलं. नंतर कळलं, त्या गटानेही तेच काम वेगळं केलं होतं. डोक्याला हातच लावला!

आता डेटा नीट आणि खुला द्या, अशी मिळून खात्याकडे मागणी करायची म्हणतोय, पण गाडी 'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' या अटीवर अडलीय. जनतेच्या पैशातून जमवलेला डेटा कंपन्यांनी फुकट का न्यावा, असं गटातल्या काहींचं म्हणणं. मला वाटतं, अशी अट घातली की तो डेटा खुला उरतच नाही. अमेरिकेच्या सरकारी लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ मध्ये मोफत झाली, ती संशोधकांनीही वापरली आणि कंपन्यांनीही. (आमच्या धंद्यातलेही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. शुल्क असलेलंच बरं, नवा स्पर्धक येत नाही, असं मानणारे आहेत.)

मुख्य अडचण अशी: आमच्या दुरुस्त्या गटाला परत द्यायची तयारी आहे, पण कोणत्या परवान्याखाली? ओडीबीएल (डेटाबेससाठीचा खुला परवाना; त्यावरून बनवून प्रसिद्ध केलेला डेटाबेसही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो) घेतला आणि आमचा खासगी डेटा त्यात मिसळला, तर तोही खुला करावा लागेल का? दुरुस्त्यांची वेगळी फाइल ठेवली तर चालेल? असा समझोता कुणी केला असेल तर मसुद्यात काय लिहिलंत, तेवढं सांगा.