वाळूविना वाळवंट

वाळू नसलेल्या प्रदेशालाही वाळवंट म्हणतात असं सांगितलं, की कुणीतरी विचारतंच, 'वाळूच नाही, तर वाळवंट कसलं?' हा घोटाळा आपल्या शब्दामुळे होतो. नदीपात्रातल्या वाळूच्या पसाऱ्यालाही मराठीत वाळवंटच म्हणतात, मग डोळ्यांसमोर वाळूच येणार. भूगोलाची कसोटी मात्र पाण्याची: साधारणपणे वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस किंवा हिम. त्या हिशेबाने अंटार्क्टिका हे जगातलं सर्वांत मोठं वाळवंट, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचं! सहारातसुद्धा वाळू जेमतेम चौथ्या हिश्शाच्या आसपास. बाकी खडकाळ पठारं, गोट्यांची मैदानं आणि चक्क डोंगर. तिथलं एमी कूसी हे ज्वालामुखी शिखर ३,४०० मीटरहून उंच आहे. मला तर 'मरुभूमी' हाच शब्द जास्त नेमका वाटतो, त्यात वाळूचं नावही नाही.