बासा विका, पण मेनूवर नाव लिहा

मांडवीकाठ:
गोव्यात 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस मासेमारीला बंदी, ट्रॉलर बंद. या दिवसांत हॉटेलात नुसती ‘फिश थाळी’ मागितली की पुष्कळदा पांढरा, बिनकाट्याचा, बिनवासाचा तुकडा येतो. तो बासा. व्हिएतनामात मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या तळ्यांत वाढवलेला, गोठवून आलेला. लोक मिटक्या मारत खातात, मान्य. पण न सांगता वाढलेलं खाल्लं म्हणजे गोंयकारांनी ते स्वीकारलं असं होत नाही. कुठला मासा, कुठून आला, हे मेनूवर लिहिणं सक्तीचं करा.

फोंड्याची आई:
दादा, माझी मुलं काट्यांच्या भीतीने तारल्यांना हात लावत नाहीत. बासा खातात. विसवणाचा (सुरमईचा) भाव रोज परवडतो का? परका म्हणून त्याला नावं ठेवू नका.

काणकोणकर:
ताई, रवा लावून तो तव्यावर टाका आणि बघा. कडेने पाणी सुटतं, रवा भिजून सुटा होतो, तळायचा मासा उकडतो. फिलेत, म्हणजे या बिनकाट्याच्या तुकड्यात, पाणी धरून राहावं म्हणून फॉस्फेट वापरतात, वर बर्फाचा थर असतो. म्हणजे पैसे पाण्याचे! आणि तिरफळं घातलेल्या हुमणात (माशाच्या आमटीत) त्याला काय चव येणार? तिथे बांगडाच हवा.

अन्नशास्त्राचा मास्तर:
चवीचं सोडा, सवय होते. अनोळखी अन्नाची धास्ती मोजायला टोरोंटोच्या प्लायनर आणि हॉब्डन यांनी 1992 मध्ये 10 विधानांची प्रश्नावली केली. ती आजही वापरात आहे. पुन्हापुन्हा चाखलं की ही धास्ती कमी होते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. जपानी लोक जंतांच्या भीतीने सामन (सॅल्मन) मासा कच्चा खात नसत. 1980 च्या दशकात नॉर्वेने आपला सामन तिथे खपवायला जोर लावला, आज सुशीत तो सर्रास असतो.

मांडवीकाठ:
सर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. नॉर्वेने तो मासा नॉर्वेचा म्हणूनच विकला, वर्षानुवर्षं पटवून दिलं. आपल्याकडे उलट. 2018 च्या जुलैत, मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन लावतात या भीतीने, सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली होती. मडगावच्या बाजारात तेव्हा जो विश्वास उडाला, तो लपवाछपवीने परत येईल का?

खानावळवाला, म्हापसा:
बोलणं सोपं आहे. ‘बासा’ लिहिलं की गावचं गिऱ्हाईक उठून जातं, पर्यटक मात्र बसतात. पावसात ताजी मासळी मिळतेच कुठे? आणि सगळा बासा व्हिएतनामचा नसतो, त्याच जातीचा मासा आंध्रातही पिकतो.

मांडवीकाठ:
मग ‘आंध्र’ लिहा! नाव वाचून गिऱ्हाईक उठतं, म्हणजे त्याला तो नको आहे. त्याची निवड तुम्ही परस्पर करू नका.

फोंड्याची आई:
हे मात्र पटलं. नाव लिहा, मी मुलांसाठी तोच मागवीन. पण मग भावही बासाचाच लावा. विसवणाच्या दराने तो नको.

काणकोणकर:
आणि बंदीच्या दिवसांत खारे बांगडे, सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) ठेवा की थाळीत. आमच्याकडे पावसात तेच चालतं.