मदत हवी आहे: सुरू झालेले सिंक डेस्कटॉप ॲपमधून रद्द कसे करावे?

फोन केबलने संगणकाला जोडताच डेस्कटॉप ॲपमधील सिंक (फोन आणि संगणकावरील फाइल एकसारख्या करणे) आपोआप सुरू झाले, आणि चुकीचे फोल्डर निवडले गेल्याचे लक्षात येताच मी ‘रद्द करा’ हे बटण दाबले, तरी पट्टी ६२ टक्क्यांवर अडकली असून खाली ‘रद्द होत आहे’ एवढेच दिसते. केबल सरळ ओढून काढण्याचा धीर होत नाही, कारण लिहिणे चालू असताना जोडणी तुटल्यास फाइल अर्धवट राहते, कधीकधी मेमरी कार्डच खराब होते. आणि त्या कार्डावर आईच्या आवाजातील जुनी ध्वनिमुद्रणे आहेत, ज्यांची दुसरी प्रत माझ्याकडे नाही. अशा वेळी टास्क मॅनेजरमधून (संगणकावर चालू असलेले प्रोग्राम दाखवणाऱ्या खिडकीतून) ॲप बंद करणे सुरक्षित आहे का, की आधी फोनवरूनच फाइल ट्रान्सफर थांबवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.